चाक तुळजाबाईला, दोष मला

मी बद्रीनाथ वल्द मसाजी कुंभार, वय अदमासे चोवीस, राहणार मौजे युसूफ वडगाव, जिल्हा बीड, हे स्वतःच्या हातानं लिहितो. अक्कल जागेवर आहे. कमरेखालचं अंग जागेवर नाही, पण मृत्युपत्राला ते लागत नाही असं ईश्वरप्पा दुकानदार सांगतात. धाक कोणाचा नाही, नशा नाही. हकिमाचा काढा आहे, तो लई कडू, पण डोकं फिरवत नाही.

गेल्या सोमवारी मांजरेच्या काठाला माती खणताना दरड अंगावर आली. काळ्या मातीखाली हातभर पिवळी, आणि तिच्याखाली एक निळसर थर दिसला. तो किती आत जातो ते बघायला मी वाकून शिरलो. किती जातो ते अजून कळलं नाही. हकीम म्हणतात फार दिवस नाहीत, म्हणून हे लिहिणं.

कलम पहिलं. घराचा माझा अर्धा हिस्सा माझी वहिनी तुळजाबाई हिला द्यावा. माझा थोरला भाऊ सटवा प्लेगात गेला, तेव्हापासून त्या घराला धरून तीच राहिली. मी आज दिंद्रुडला, उद्या आणखी कुठं.

कलम दुसरं. गाढव चुलतभाऊ सिदूला. ते माझं कधी ऐकत नव्हतं, त्याचं ऐकतं. घागरी ठोकायची बापाची थापी सिदूनं सहा वर्षांमागं नेली, तीही त्यानंच ठेवावी. मात्र 'उसनी नेली' म्हणायचं आता सोडावं.

कलम तिसरं. खुंटीवर सतरा पुरचुंड्या आहेत, सतरा गावांची माती. माती जिभेवर ठेवली की बोलते. वाळू दाताला लागते, खारट असली तर भांड्यावर पुढं पांढरं फुटतं. केजच्या तळ्याची तर गोडसर लागते, कावून ते कळलं नाही. वहिनीनं एकेकीची पणती करून भाजावी आणि कोणती काय रंग धरते ते बघावं. माझं ते बघायचं राहिलं.

कलम चौथं. याच्यासाठीच बाकीची लिहिली. माझं चाक तुळजाबाईला द्यावं, आणि तिनं त्यावर बसावं.

आमच्यात बाईनं माती तुडवायची, मळायची, पण चाकाला हात लावायचा नाही. पुष्कळ म्हाताऱ्यांना कारण विचारलं. 'न्हाई म्हंजी न्हाई' याच्या पुढं कोणी गेलं नाही. वहिनी लीद कालवलेली माती टाचेनं कडेकडून मधे तुडवत नेते. मग गोळा मळून दोऱ्यानं मधोमध कापते. कापात सुईएवढं भोक दिसलं तरी परत मळते, कारण आत राहिलेली हवा आव्यात, म्हणजे भट्टीत, भांडं फोडते. जिला मातीच्या पोटातलं कळतं तिला चाक का कळू नये? मी भटकत होतो तेव्हा पोटासाठी ती चाकावर बसली. तिच्या घागरी माझ्याहून पातळ उतरल्या.

दोन वर्षांमागचा आवा मात्र गेला. घागरी खणखणीत निघाल्या, घरोघर गेल्या, आणि आठ दिवसांनी ठेवल्या जागी त्यांचे टवके उडू लागले. पंच बसले. अर्जुनराव म्हणाले, "बाईचा हात लागला, चाक कोपलं." तिला चाकाची मनाई झाली. तेव्हापासून वहिनी सिदूच्या अंगणात शेरभर ज्वारीवर दुसऱ्याची माती तुडवते.

चाक कोपलं नव्हतं. त्या खेपेला घरी येताना मी एका नव्या ओढ्याची माती आणून तिच्या ढिगात मिसळली, कशी वागते ते बघायला. तिनं विचारलं, "भावजी, चाळली का?" मी म्हणालो, "चाळली की." चाळली नव्हती. त्यात चुनखडीची मोहरीएवढी कणी होती, ती पायाला लागत नाही. आमच्या जुन्या खाणीत चुनखडी नाही, म्हणून असे टवके कोणी पाहिलेच नव्हते. पंचांपुढं मी गप्प बसलो, आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडलं.

घागर आठ दिवस थांबून का फुटते, हे मात्र डोक्यातून जाईना. यंदा गावी परतल्यावर तशी कणी चुलीत भाजली आणि ओल्या फडक्यावर ठेवली. ती फुगली, तडकली, तिचं पीठ झालं. घागरीच्या अंगात ओल पिऊन हेच झालं. ईश्वरप्पांना सांगितलं तर ते हसले, "बे, चुना आमी असाच तर विझवतो! कुंभाराच्या पोटी येऊन एवढं ठावं न्हाई?"

इथवर वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाळली म्हणला होता, भावजी."

"व्हय."

"दोन वर्सं मी माझ्याच हाताकडं बघत बसले."

मी म्हणालो, चाकाचं कलम राहू दे, माझ्या खोटेपणाचं खोडतो.

"एक अक्षर खोडू नका. आन् हे घरात नगं. पंचांच्या म्होरं वाचा."

म्हणून अर्जुनरावांना बोलावून सगळं वाचलं, आणि भाजलेली कणी त्यांच्याच हातानं ओल्या फडक्यावर ठेवविली.

मुक्काम युसूफ वडगाव. मार्गशीर्ष वद्य पंचमी, माहे बहमन, सन १३२८ फसली.

सही: बद्रीनाथ वल्द मसाजी

साक्षीदार:

१. ईश्वरप्पा, दुकानदार. सही स्वहस्ते.

२. अर्जुनराव, पंच. लिहिता येत नाही, बोलले ते ईश्वरप्पांनी लिहिलं: "कणी माझ्यासमोर फुटली. बद्र्याच्या थोबाडीत मारायची होती, पडून हाय म्हणून सोडला. तुळजाबाईला केलेली मनाई उठवली. तिची पहिली घागर माझ्या घरात यावी. मग कोण न्हाई म्हणतंय ते मी बघतो." निशाणी, डाव्या हाताचा अंगठा.