पोस्ट निघणार नाही

मंगळवार संध्याकाळ, रावेत

१. पत्रा दाबणाऱ्या प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी दाबायची असतात, म्हणजे एकही हात आत राहत नाही. आमच्याकडे एक बटण चिकटपट्टीने कायम दाबून ठेवलंय.
२. मी सुपरवायझरना तोंडी सांगितलं. काही झालं नाही.
३. फोटो ब्लॉकचेनवरच्या एका साइटवर पोस्ट केला.

आज सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, डिलीट मारा की!" सांगितलं, पोस्टच्या प्रती अनेकांच्या संगणकांवर कायमच्या आहेत, मलाही पुसता येत नाहीत.

"मग पासवर्ड द्या, आमचा आयटीवाला बघेल."

नोकरीवर येईल का? येऊ दे. मोकळा राहिलेला हात प्रेस चालवणाऱ्या सविताताईंचा आहे आणि तो प्रेसखाली जातो. पोस्ट निघणार नाही. चिकटपट्टी नखानेही निघते.

सकाळी सुपरवायझरना एवढंच पाठवणार: चिकटपट्टी कधी काढताय? शुक्रवारपर्यंत लेखी कळवा.