नंबर तीनचा अर्क

३ फेब्रुवारी २०२५, रीडिंग

माफ कर, ऑक्टोबरपासून तुला उघडलं नाही. वेळ नव्हता असं नाही. लिहायला बसलं की खरं लिहावं लागतं, म्हणून टाळत होते.

आजपासून कामावर कावा. पॅसिफिक बेटांवरच्या एका झुडपाचं मूळ. तिकडचे लोक ते पाण्यात कोळून पितात आणि निवांत होतात. आमच्या बॉसला, समरला, त्याचं कॅनमधलं ड्रिंक आणि कॅप्सूल काढायची आहे. इंग्लंडमध्ये खाण्यापिण्यासाठी विकायला बंदी आहे. माल अमेरिकेत बनणार, तिथेच विकणार. आमच्या लॅबमध्ये फक्त अर्क निवडायचा आणि रेसिपी बसवायची. निवडायचा मी. तीन सप्लायर, तीन नमुने. शेवटी सही माझी.

हरीश म्हणाला, "नावातच कावा आहे, सांभाळ." आणि स्वतःच हसला! नवऱ्यांना एवढ्याशा विनोदावर आठवडा काढता येतो.

६ फेब्रुवारी

चव घेऊन झाली. दोन नंबर लगेच बाद – खारट, आणि तळाशी गाळ. एक नंबर सगळ्यात जोरदार, आंब्याच्या फ्लेवरमध्ये पार लपतो. समर खूश. तीन नंबर पाण्यात काढलेला, फक्त मुळाचा. चिखलात मिरी घातल्यासारखा! जीभ बधिर. घरी आमटीची चव कळेना, मीठ घालत सुटले. वेद म्हणाला, "आई, ही ब्रायटनच्या समुद्रातून आणलीस का?"

सप्लायरना विचारलं – कुठली जात, झाडाचा कुठला भाग, अर्क कशात काढला? तीन नंबरवाल्यानं सगळं सांगितलं. एक नंबरवाल्याचं उत्तर: "प्रोप्रायटरी." म्हणजे धंद्याचं गुपित. बस्स.

७ फेब्रुवारी

दोन्ही ॲसिटोनमध्ये हलवून पाहिले. तीन नंबर पिवळा राहिला. एक नंबर लालसर केशरी. म्हणजे बहुतेक ती हलकी जात, जिची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. परीक्षा ढोबळ आहे, मान्य. म्हणून डोळे मिटू? एक नंबर बाहेरच्या लॅबला पाठवला.

१२ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. संशय खरा. हलकी जात, आणि मुळाबरोबर देठ-सालही, जी लिव्हरला वाईट म्हणतात.

समरला दाखवला. आमच्या नात्यातल्या उल्हासकाकांचा मुलगा, इथेच जन्मलेला, आता कंपनीचा मालक. मीटिंगमध्ये मी 'निवेदिता', काही हवं असलं की 'ताई'. आज ताई!

"ताई, तू खूप ओव्हरथिंक करतो. अमेरिकेत लीगल आहे ना? देन व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"विकणं लीगल असेल. हा चांगला आहे असं मी लिहून देणं खोटं आहे."

"टेस्ट तर एक नंबरचा बेस्ट आहे. सगळे बोलला."

"सगळ्यांना सही करायला सांग मग."

"तुझा व्हिसा आमच्यावर आहे, यू नो दॅट, राइट?" हे हसत म्हणाला. हसत!

व्हिसा माझा, त्यावर हरीशची ब्रॅकनेलची नोकरी, त्यावर वेदची शाळा. मे महिन्यात त्याची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी. मला नाही माहीत?

१३ फेब्रुवारी

करणार नाही सही. नाही म्हणजे नाही.

१६ फेब्रुवारी

उल्हासकाकांचा पिनरहून फोन. मला नाही – हरीशला! "अरे, तिला जरा समजाव. पोरगा नवीन धंदा करतोय, आपल्याच माणसांनी अडवायचं का?" काम माझं, सही माझी, आणि समजूत घालायला नवरा. पन्नास वर्षं झाली त्यांना इथे येऊन. घरातल्या बाईचा निरोप अजून घरातल्या पुरुषाकडे.

हरीशनं मान खाली घालून ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "मी काय बोलू? तुझं बरोबर आहे. पण वेदची परीक्षा होईपर्यंत तरी…"

"परीक्षा होईपर्यंत खोटं लिहू?"

तो भांडी घासायला उठला.

आता स्वतःला विचारते. हे तत्त्व आहे, की एका तिशीच्या पोरानं व्हिसाचा धाक दाखवला म्हणून चढलेला राग? दोन्ही असेल. राग काढून टाकला तरी तो अर्क लालच राहतो ना!

१८ फेब्रुवारी

रिपोर्ट ईमेलला जोडला आणि सगळ्यांना पाठवला. अमेरिकेतल्या पार्टनरलाही. 'सेंड' दाबलं.

२१ फेब्रुवारी

पार्टनर म्हणतो, एक नंबर नको, तीनच घ्या. समर माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे! तीन नंबरवर सही केली. ठसठशीत, पूर्ण नाव.

८ मार्च

चिखलाची चव आलं-लिंबानं आटोक्यात आली. समर चक्क "थँक्स, ताई" म्हणाला. व्हिसाबद्दल पुन्हा चकार शब्द नाही. जिंकल्यासारखं वाटतंय. वाटू दे की थोडं.

२२ मार्च

उल्हासकाका हॉस्पिटलमध्ये. डोळे पिवळे, अन्न जात नाही. लिव्हर सुजलंय, कारण कळत नाही म्हणे. हरीश आणि मी जाऊन आलो. काका माझ्याकडे बघून हसले. त्या फोनचा राग माझ्या मनात अजून आहे, पण आज त्याची लाज वाटली.

२४ मार्च

सुचेताकाकूंचा फोन. काकांचं कसं आहे विचारलं, तर रडत म्हणाल्या, "झोप तर छान लागायला लागली होती गं. समरनं डबा आणलेला, रोज काढ्यात घालत होते."

कुठला डबा?

"तुझाच, तीन नंबर. तू नको म्हणाली होतीस तो घरात येऊ दिला नाही मी. तू पास केलेलं म्हणजे घरचंच ना!"

आणि वर काकांचा संध्याकाळचा पेग. रोजच्या गोळ्या. डॉक्टरांना सांगितलंत का? "त्यांनी औषधं विचारली. ही मुळी आहे गं, औषध कुठे?" म्हटलं, फोन ठेवा, आत्ता जाऊन सांगा. सांगितलं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, याच्यामुळे असू शकतं, गोळ्यांमुळेही, दारूमुळेही. नक्की सांगता येत नाही.

समरचा मेसेज: "ताई प्लीज, कोणाला नको सांगू. कॅनिंग थर्सडेला आहे."

उद्या: तीन नंबरवरची सही मागे घेणे.