विकलेली नाणी आणि माझा शांत स्वभाव

१० ऑगस्ट १९८६, रविवार. संध्याकाळी सात.

नाणी विकली. सगळी. त्रेसष्ट. डब्यासकट. विषय संपला.

कॉलेजच्या छंद-प्रदर्शनात पहिला नंबर आगपेटीच्या काड्यांच्या ताजमहालाला. माझ्या एकोणीस वर्षांच्या कलेक्शनला परीक्षक 'चिल्लर' म्हणाले. मी काहीच बोललो नाही. फक्त टेबल उलटवलं. ताजमहाल मध्ये आला, त्याला माझा इलाज नाही.

येताना शेजारी इस्तारीच्या दारात डबा आपटला. म्हणालो, घेतोस का? तो म्हणाला, "हरिदासभाऊ, राग उतरू द्या, मंग बोलू." मी म्हणालो, घे, नाहीतर टाळक्यात घालतो. त्याने घेतला, दोनशे रुपये दिले. फार हलकं वाटतंय.

११ ऑगस्ट. सकाळी.

नवीन आयुष्य. संकल्प: कुणावर हात उगारायचा नाही. नाण्यांचा विषय घरात कुणी काढायचा नाही, बायकोला तशी सक्त ताकीद. नवा छंद शोधायचा, शांत.

झोप लागली नाही. उकाड्यामुळे.

१७ ऑगस्ट, रविवार.

नवा छंद: मासे धरणे. दोनशे रुपयांतून गळ, दोरी, फोल्डिंग स्टूल. तलावावर साडेतीन तास. एक मासा नाही. पाण्यात दगड मारले. तलावाचा ठेका असलेल्या डोमाने हटकलं, "भाऊ, मासे धरून राह्यले का मारून राह्यले?" त्याला स्टूल फेकून मारलं. स्टूल तलावात गेलं. मग मी तलावात गेलो. नक्की कुणी ढकललं ते सांगता येत नाही, डोमाला सहा भाऊ आहेत.

पाण्यात तळाशी काहीतरी चमकलं. व्हिक्टोरियाचा रुपया वाटला. बुडी मारली. बाटलीचं झाकण होतं. हे फक्त नोंद म्हणून लिहितोय.

२२ ऑगस्ट.

पहाटे उठून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मन एकदम शांत. अकराला राईस मिलमध्ये हमाल सुकलूने चहा कुणी आणायचा हे ठरवायला आठ आणे हवेत उडवले. नाणं असं उडवत नाहीत, पडलं की कडा खराब होते. समजावून सांगितलं. त्याने पुन्हा उडवलं. मग कान पिळला.

सुकलू क्विंटलचं पोतं एकटा उचलतो हे मी पंधरा वर्षं मिलच्या वजनकाट्यावर बसून बघतोय, पण स्वतः उचलला गेलो की वेगळंच वाटतं. कोंड्याच्या ढिगात उलटा पडलो. कानातून अजून कोंडा निघतोय.

संकल्पात किरकोळ दुरुस्ती: समोरच्याने डिवचल्याशिवाय हात उगारायचा नाही.

२८ ऑगस्ट.

इस्तारीकडे सहज गेलो. अकराव्यांदा सहज. डबा कोरड्या जागी आहे ना, एवढंच विचारलं. म्हणाला, "पोळा होऊ द्या ना भाऊ, मंग पाहू." आणि हसला. हा माणूस मला जळवतोय. निघताना त्याच्या कुंपणाच्या दोन काठ्या मोडल्या. तिसरी त्याच्या नाकासाठी घरी आणली.

३ सप्टेंबर, पोळा. दुपारी बारा.

तोरणाकडे जायचं नाही. इस्तारीचं तोंड पाहायचं नाही. जेवून झोपणार.

६ सप्टेंबर. सरकारी दवाखाना. (डाव्या हाताने.)

गेलो होतो. तोरणाखाली बैल उभे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणं चालू. इस्तारीचा भुऱ्या सजवून आणलेला आणि त्याच्या गळ्यात नाण्यांची माळ. माझी नाणी! पन्नास फुटांवरून ओळखली. नाण्यांच्या बाबतीत माझी नजर अख्ख्या ब्रह्मपुरीत कुणाला नाही.

माळ धरली. भुऱ्याने मान झटकली. मी सोडली नाही. त्याने शिंग लावलं. मी कान चावला. वर उडालो तेव्हा समोर फक्त बैल होता, खाली आलो तेव्हा अर्धं गाव होतं. पोळ्याच्या दिवशी बैलाला काठीसुद्धा दाखवत नाहीत, असं ओरडत जो तो मला काठीने मारत होता.

नुकसान: माझा उजवा हात, दोन बरगड्या, तीन दात. भुऱ्याचा अर्धा कान. सामना बरोबरीत धरायला हरकत नाही.

८ सप्टेंबर.

बायको सत्यशीला डबा घेऊन आली. जेवणाचा. खिचडी भरवता भरवता म्हणाली, "ते तुमची नाणी नव्हतेच जी. बजारातल्या पितळेच्या चकत्या होत्या. तुमचा डबा इस्तारीभाऊच्या पेटीत तसाच होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वापस करणार होते. मले पयल्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं."

मला का नाही सांगितलं, म्हणून ओरडलो. बरगड्या दुखल्या. म्हणाली, "नाण्याचा विषय काढाचा नाई म्हणून तुमीच तं बजावलं होतं."

मग मोठ्या मनाने इस्तारीला माफ केलं. उद्या-परवा डबा घेऊन येईलच.

११ सप्टेंबर.

आला नाही. सत्यशीलाला पाठवलं. इस्तारीचा निरोप: "सणाच्या दिवशी माह्या बैलाचा कान तोडला. ज्याचा कान गेला, त्याले डाग भेटला पायजे." डाग म्हणजे दागिना. त्याने सोनाराकडून नाण्यांना भोकं पाडून घेतली आणि त्रेसष्टच्या त्रेसष्टांची माळ करून भुऱ्याच्या गळ्यात घातली. भोक पडलं की नाणं मेलं. हे त्याला कळणार नाही.

सलाईनचा स्टँड भिंतीवर फेकला. मधे कंपाउंडर आला. सुटी मिळाली की इस्तारीचं डोकं फोडणार. नक्की.

१४ सप्टेंबर, रविवार.

सकाळी सुटी मिळाली. डाव्या हातात काठी, थेट इस्तारीच्या गोठ्यात. तो भुऱ्याला तणस टाकत होता. भुऱ्याच्या गळ्यात माळ. या वेळी खरंच माझी. निजामाचा चारमिनार, राजुऱ्याच्या बाजारात एका म्हातारीने दिलेला, मधोमध भोक. व्हिक्टोरियाच्या नाकातून भोक. त्रेचाळीसच्या तांब्याच्या पैशाला सरकारनेच भोक पाडलेलं असतं, तेवढा एक वाचला.

काठी हातातून कधी पडली कळलं नाही. गोठ्यात शेणात बसून रडलो. मला माझी नाणी हवी होती. विकली त्या संध्याकाळपासूनच हवी होती. एकोणीस वर्षांत मी दुसरं काही जमवलेलं नाही.

इस्तारी तणस टाकायचा थांबला. डोळे पुसून मी त्याला म्हणालो, एकदा हातात घेऊन बघू दे. फक्त चारमिनार.

म्हणाला, "मले काऊन पुसता, भाऊ? डाग त्याचा हाये. त्याले पुसा."

आणि पाठ फिरवून तणस टाकायला लागला. रस्त्यावर कुणी नाही हे पाहिलं. मग प्लास्टरचा हात जमेल तेवढा जोडला आणि म्हणालो, भुऱ्याभाऊ, जरा मान इकडे करता का?

त्यांनी केली नाही.