राहीआजीच्या नोंदीवरून केलेली वाटणी

मी, केसरीनाथ पंढरी तरे, वय सत्तर, धंदा शेती, राहणार कामतघर, भिवंडी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. मुलगा रामनाथ याने आणून पाहिलं. त्याला चहा पाजून परत पाठवला.

१. तलावाकडचं शेत आणि लूमची शेड रामनाथला.

२. राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं. त्यातलं अर्धं रामनाथला, अर्धं माझी मुलगी बकुळा वाल्मीक रोकडे, राहणार शेलार, हिला. रामनाथ विचारील, बारा वर्षं जिला उंबरा चढू दिला नाही तिला आज घर कसं? म्हणून कारण लिहितो.

३. आमच्या घरात आजी राहीबाईचं नाव म्हणजे शिवी. आजोबा कोंडू सांगत, ती माहेरी म्हणून गेली आणि गलबतावरच्या एका तांडेलाबरोबर पळाली. माझे वडील तेव्हा तीन वर्षांचे होते. त्यांनी जन्मभर आईचं नाव काढलं नाही, पितृपक्षात तिचं पान ठेवलं नाही. १९७९ साली बकुळाने नारपोलीच्या लूमवरचा वायरमन वाल्मीक याच्याशी लग्न केलं, तेव्हा मी भर ओटीवर ओरडलो, "राहीचीच जात तुझी! परत तोंड दाखवू नको." मुलगा कामसू, निर्व्यसनी. तो बौद्ध घरातला, एवढंच मला खुपलं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

४. गेल्या वर्षी वारसनोंदीसाठी तलाठ्याने वंशावळ मागितली. राहीपाशी गाडं अडलं. ती मेली कधी? कचेरीच्या दप्तरखान्यातून जुन्या मयत रजिस्टरची नक्कल काढली. मला मोडी येत नाही. तुळशीराम गुरुजींनी भिंग लावून वाचली. "राहीबाई, कोंडूची बायको, वय तेवीस. प्लेग. छावणीत मयत." तिच्या माहेरची चार माणसं त्याच पानावर. खबर देणारा, नवरा कोंडू. सहीच्या जागी नांगराची निशाणी.

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं! प्लेगच्या घरात मुलगी कोण देणार? बायको पळाली म्हणणाऱ्याला मिळते. चार महिन्यांत त्याने दुसरी केली. आणि माझा बाप, मरेपर्यंत, आपली आई आपल्याला टाकून गेली असंच समजत राहिला. मी गुरुजींसमोर ढसाढसा रडलो.

५. राहीआजीचं पान यापुढे रामनाथने ठेवावं. वंशावळीत तिचं नाव घालावं, बकुळाचंही. शेजारी यादवने १९७४ साली नेलेली पहार मागू नये. मात्र तेराव्याला त्याला वाढताना आठवण जरूर करून द्यावी.

६. इथपर्यंतचा मसुदा घेऊन गुरुजी शेलारला गेले होते. बकुळाने ऐकला आणि म्हणाली, "घराचं राहू द्या गुरुजी. आय मरताना म्हनाली व्हती, बकुळाचं तोंड बघायचं न्हाय. ते खरं हाय का, येवढंच बाबांना इचारा."

तर लिहितो. माझी बायको हौसा १९८६ साली चार दिवस दवाखान्यात होती. ती असं कधीच म्हणाली नाही. ती चारही दिवस एकच म्हणत होती, "बकुळाला बोलवा." मी बोलावलं नाही. ते वाक्य माझं. मीच रचलं आणि मीच शेलारला कळवलं. कोंडूला नावं ठेवायचं तोंड मला नाही.

घर घ्यावं की न घ्यावं, ही बकुळाची मर्जी. हे कलम मात्र मी मरेपर्यंत बंद पाकिटात ठेवू नये. उद्या सकाळी रिक्षा करून मी शेलारला जाणार आणि तिच्या दारात उभा राहून स्वतः वाचून दाखवणार. तिने आत घेतलं नाही तरी पूर्ण वाचीन.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

केसरीनाथ पंढरी तरे

आमच्यासमोर सही झाली, साक्षीदार:
१. तुळशीराम भोईर, निवृत्त शिक्षक, कामतघर
२. ठकुबाई मढवी, कामतघर

भिवंडी, ता. ६ ऑक्टोबर १९९१