ओट्यावरचा ओटीपी

पळसतांडा, ता. दारव्हा
४ ऑगस्ट २०२५

चि. रंजितास,
नंदामावशीचे अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

वि. वि. पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर हे बोलता येत नाही म्हणून लिहिते. रेंज फक्त सेवालालच्या मंदिराच्या ओट्यावर, आणि ओट्यावर कान देऊन अख्खा तांडा बसलेला.

तो डिजिटल साधनांचा ऑनलाइन कोर्स तू माझ्या नावानं केलास. मी ओट्यावरून ओरडून ओटीपी सांगायचे आणि तू कळंबला बसून परीक्षा द्यायचीस. सगळेच शिक्षक कोणाकडून तरी करून घेतात, म्हणून मलाही त्याचं काही वाटलं नाही. पण शहाणे, शंभरपैकी शंभर कशाला आणलेस? साठ-सत्तरावर थांबता आलं नाही का तुला? आता केंद्रातल्या सगळ्या शाळांत मी पहिली! केंद्रप्रमुखांनी फर्मान काढलंय, येत्या शिक्षण परिषदेत नंदाबाईंनीच स्मार्ट बोर्डवर सर्वांना पाठ घेऊन दाखवावा. मला तो बोर्ड चालूसुद्धा करता येत नाही. पोरांची बोटं लागू नयेत म्हणून मी तो चादरीनं झाकून ठेवलाय.

तांड्यातली पहिली मास्तरीण म्हणून बाया मला खुर्ची देतात. हे ढोंग उघडं पडलं तर त्यांच्यासमोर उभी कशी राहू? काय करू ते लवकर कळव.

आशीर्वाद आहेतच, थोडा राग पण आहे.
तुझी
नंदामावशी

कळंब
९ ऑगस्ट २०२५

ती. नंदामावशीस,
रंजिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मावशी, जिल्ह्याच्या प्रशिक्षणात इतर शिक्षकांना शिकवायला सुलभक म्हणून माझं नाव गेलंय. दुसऱ्याची परीक्षा दिली हे कळलं तर ते जाईलच, वर नोकरीवर चौकशी लागेल. हात जोडते, काहीही झालं तरी माझं नाव काढू नकोस. हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते, पण भीती त्याहून मोठी आहे.

तुझ्या फोन धरताना थरथरणाऱ्या बोटांची कीव आली म्हणून मी ते केलं. तूच मला पाटीवर अक्षरं शिकवलीस, तुझे मार्क कमी कसे आणू?

आता ऐक. अपूर्णांकांचा पूर्ण पाठ तयार करून पेनड्राइव्हमध्ये टाकलाय, याच पाकिटात आहे. तू फक्त तो बोर्डला लाव आणि बाणाचं चित्र दाबत जा. भाकरीचे तुकडे आपोआप होतील, आवाजही त्यातच आहे. दुसरं कशालाही बोट लावू नकोस आणि कोणी प्रश्न विचारला तर वेळ संपली म्हण.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
रंजिता

पळसतांडा
२४ ऑगस्ट २०२५

चि. रंजितास,
अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

वि. वि. परिषद झाली. आधी हे वाच, मग पुढचं: तुझं नाव कुठंही आलेलं नाही.

पेनड्राइव्ह लागला, भाकरी आली, दोन तुकडे झाले. सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, आता बाई, याच भाकरीचे तीन वाटे करून दाखवा. मी घाबरून कुठं बोट लावलं कोण जाणे, बोर्ड काळा झाला. आमच्या शाळेचे इंद्रजित सर धावत आले आणि मशीनच खराब असल्याचं सांगू लागले. बिचारे मला वाचवत होते. नुसती मान हलवली असती तरी मी सुटले असते. पण समोर शेजारच्या शाळेतल्या पुष्पाबाई वही उघडून माझ्याकडून शिकायला बसल्या होत्या. मला ते सोसलं नाही. मी सांगून टाकलं, की मशीन चांगली आहे, ती परीक्षा मी दिलेली नाही.

साहेबांनी दोनदा विचारलं, मग कोणी दिली. मी म्हणाले, शिक्षा काय ती मला द्या, नाव मिळणार नाही. मला लेखी खुलासा द्यायचा आहे आणि कोर्स पुन्हा करायचा आहे. येताना ऑटोत पुष्पाबाईंनी हळूच सांगितलं, त्यांचा कोर्स जावयानं केला होता.

मी बोर्डवरची चादर काढून धुवायला टाकली. रोज शाळा सुटल्यावर इंद्रजित सरांकडून शिकते, बोटं अजून थरथरतात. तू सुलभक हो, मला आनंदच आहे. पण रंजिता, माझ्यासारखी कोणी समोर बसली तर तिच्या हातून फोन घेऊ नकोस. तिची बोटं थरथरू दे.

काल नव्या कोर्ससाठी ओट्यावर गेले. ओटीपी आला. सवयीनं तुझा नंबर लावला होता, तो कापला. पहिल्यांदा आकडे चुकले, दुसरा ओटीपी मागवला, तो नीट भरला. ओट्यावरच्या बाया वाट पाहून कंटाळल्या आणि विचारू लागल्या, मास्तरीण आज आकडे काहून नाही सांगून राहिली.

मी त्यांना सांगितलं, आजचे माझे आहेत.

लोभ ठेव, ओटीपीची वाट पाहू नकोस.
तुझी
नंदामावशी