पाण्याशिवाय कापलेला दगड

४ फेब्रुवारी
यांचा घास अडकतो तो अन्ननलिकेतल्या कॅन्सरच्या गाठीमुळे, हे गेल्या आठवड्यात कळलं. आज स्कॅन दाखवायला गेलो. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, "गाठ काढता आली असती. पण छातीतल्या ग्रंथीही सुजल्यात. तिथवर कॅन्सर पसरला असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही."
असेल! त्या एका 'असेल'ला धरून घरी आले. गाडीत हे एवढंच म्हणाले, "कारखान्यात काळा दगड उतरवून घेतला का ते चिरंजीवांना विचार."

५ फेब्रुवारी
रडले नाही. भांडी घासली. मग तीच पुन्हा घासली.

९ फेब्रुवारी
हे सकाळीच खाली कारखान्यात. अहो, आराम करा म्हटलं. "आराम केला की गाठ विरघळते का?" यांच्याशी बोलून कोण जिंकलंय!
कटरवर चिरंजीव होते. पेन्सिलीच्या रेघेवरून पातं असं नेतो की अर्धी रेघ या तुकड्यावर, अर्धी त्या. मध्येच खोकला येतो, पण हात म्हणून हलत नाही. आणि सगळं कोरडं! बाकीचे पात्यावर पाण्याची धार धरून कापतात. आमच्यात तो कमीपणा. पाण्याने रेघ पुसते, मग अंदाजपंचे काम. "पाणी नवशिक्यांना," असं सासरे म्हणायचे, आता हे म्हणतात. पोरगा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन जेवायला आला. माझा ऊर भरून आला.

१४ फेब्रुवारी
स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. पेनाचं टोपण चावत बोलतात. म्हणाल्या, "ग्रंथी दोन्ही बाजूंना सारख्याच सुजल्यात. कडेने अंड्याच्या कवचासारखा चुना धरलाय. कॅन्सर सहसा इतक्या शिस्तीत पसरत नाही. काका, काम काय करता?"
हे ताठ बसले. "ग्रॅनाइटचं शोरूम आहे."
आम्ही सगळीकडे हेच सांगतो. काचेचं दार, आत एसी. सासऱ्यांच्या नशिबी नव्हतं ते.
"अच्छा, दुकान," बाई म्हणाल्या आणि पुन्हा स्क्रीनकडे वळल्या.
झालं! यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "दुकान? तुमच्या या हॉस्पिटलचा जिना कापलाय मी. सांध्यात नख घालून दाखवा."
"कापताना पाणी सोडता?"
"छे. जन्मभर कोरडा."
बाईंनी तोंडातलं टोपण काढलं. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं ग्रंथींत जाऊन बसते म्हणे, आणि स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच चमकते. "नक्की काही सांगत नाही. सुईने तुकडा काढून बघू."
उतरताना मी जिन्याच्या सांध्यात नख घालून पाहिलं. गेलं नाही.

१५ फेब्रुवारी
पायात काटा रुतला की जांघेत अवधाण येतं. गाठच ती, पण वैरी नव्हे. दिवसभर हेच स्वतःला समजावते आहे. देवा, अवधाण असू दे.

२० फेब्रुवारी
श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने तुकडे काढले. यांचा घसा बसलाय. घरात जन्मात नव्हती एवढी शांतता!

२६ फेब्रुवारी
ग्रंथींत कॅन्सर नाही!! नुसती दगडाची धूळ आणि तिच्याभोवती जुने व्रण. आधी केमो, मग ऑपरेशन. ऑपरेशनवाल्यांनी स्वतः उठून यांच्याशी हात मिळवला.
हे बसक्या आवाजात म्हणाले, "बघ, माझी बढाई कामाला आली." खरंच आली. लग्न झाल्यापासून ती ऐकून कान किटले होते, आज पुन्हा पुन्हा ऐकली. केवढा मोठा माणूस वाटला मला हा! गडी ऑपरेशनमधूनही उठेल, बघाच.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचा फोन. "काकू, काल एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे आता दगड कोण कापतं?"
"मुलगा," मी म्हटलं. "तोही कोरडाच कापतो. बापापेक्षा सरळ."
बाईंनी हळूच विचारलं, "खोकतो का?"
खाली कटर चालू आहे. जाते, बंद करते.