चेनसॉचा रक्तदाब

तीर्थस्वरूप दादा यांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे. सध्या खाली वाकलो तर वर यायला दोन माणसं लागतात. कारण पुढे येईल.) तुझी तब्येत ठणठणीत असेल, वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि गॅरेजात गिऱ्हाइकं ताटकळत उभी असतील, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. हिचे वडील आमच्याकडेच आहेत, तेही खुशाल, फक्त त्यांच्या रक्तदाबाच्या यंत्राला इंजिनाच्या तेलाचा वास येतो. त्याचंही कारण पुढे येईल.

पत्र लिहायचं कारण म्हणजे मी जिंकलो. हे आधीच लिहून टाकतो, कारण पत्राची सुरुवात वाचून बाकीचं जेवणानंतर वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. वखारवाल्याकडून मी लाकडं कापायचा जुना चेनसॉ आणला तेव्हा तू कळवलं होतंस की चष्म्याच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाने इंजिनाच्या नादी लागू नये, आणि लागायचंच असेल तर जसं आहे तसं जोडावं, जास्त शहाणपणा करू नये. दादा, तुझा मान ठेवून मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग जास्त शहाणपणा केला.

झालं असं की वादळात आमची मागची निलगिरी पडली. घराला धक्का लागला नाही, पण एवढं थोरलं खोड अंगणभर आडवं, शेंडा माझ्या शेडला टेकलेला, कपडे वाळत घालायची पंचाईत. आता ही शेड म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पत्र्याची आहे, पण माझी आहे. माझं टेबल, माझा शिकंजा, डब्याडब्यांतून माझे स्क्रू. हिचा त्या शेडवर केव्हापासून डोळा आहे. हिच्या शिवणक्लासच्या मुली स्वयंपाकघरात बसतात आणि आमटीत टाचण्या सापडतात, त्यामुळे तिचंही अगदीच चुकतं असं नाही (हे तिला कळवू नकोस). तर हिने अट घातली. रविवारपर्यंत त्या भंगाराने खोड कापून रचलंत तर शेड तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही जमलं तर माझा भाऊ नवी मशीन घेऊन येईल, तो कापेल, आणि शेडमध्ये माझा क्लास बसेल. शेड जाईल याची धास्ती होतीच, पण मला खरा झोंबला तो 'भंगार' हा शब्द. मी ताबडतोब हो म्हणालो.

इंजिन उघडलं तर आत सगळा आनंद. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग चिकटून बसलेली, सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा लेप. वखारवाल्याने तेल न मिसळता नुसतं पेट्रोल पाजलं असणार. तो लेप बारीक पॉलिश कागदाने खरवडून काढला, नवा पिस्टन, नवी रिंग घातली. इथवर कुणीही करतो. पुढचं मात्र माझं. धूर बाहेर जायचं भोक कानशीने रुंद केलं, त्याच्या कडा गोल केल्या म्हणजे रिंग अडकायला नको (ही तुझीच शिकवण, बघ, मी विसरत नाही), आणि लेन्स घासायच्या पावडरने त्याला अशी झिलई दिली की आत माझी मिशी दिसली. नुसत्या धुराला इतकी देखणी वाट आजवर कुणी दिली नसेल. सायलेन्सरलाही आणखी एक तोंड पाडलं. मग सिलिंडरखालचं गॅस्केट काढून टाकलं, म्हणजे सिलिंडर खाली बसतो, आतला दाब वाढतो आणि ताकद वाढते. तू म्हणशील, आणि पिस्टन वर आपटतो. म्हणूनच प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घातली, पिस्टनने ती चेपून घेतली आणि काचेची जाडी मोजायच्या मापाने मोजली. तार कांद्याच्या पापुद्र्यासारखी होऊन बाहेर आली. एवढ्या फटीत भागणार नव्हतं. तेव्हा शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून पातळ गॅस्केट घरीच केलं. (डबा रिकामा करायची जबाबदारी हिच्या वडिलांनी आनंदाने उचलली.)

आता रक्तदाब. इंजिनाच्या पोटातून हवा गळते का ते बघायला हातपंप आणि काटा लागतो. तुझ्याकडे असेल. माझ्याकडे हिच्या वडिलांचा होता. त्यांच्या दंडाचा पट्टा सोडवला, नळी इंजिनाला जोडली, बाकीची भोकं रबर लावून बंद केली आणि फुगा दाबला. काटा चढला आणि तसाच घसरायला लागला. साबणाचा फेस लावून पाहिलं तर एका ऑइल सीलपाशी बुडबुडे. सील बदललं, परत फुगा दाबला, आणि काटा जो वर गेला तो तिथेच. हलायला तयार नाही. हिचे वडील खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "जावईबापू, माझा कधी एवढा स्थिर राहिला नाही हो." दादा, दुकानात नवा चष्मा लावून समोरचा फलक वाचणारी माणसं पाहिली की मला बरं वाटतं, पण त्या काट्याकडे बघताना वाटलं ते निराळंच. ऊर भरून आला. खोटं कशाला सांगू, डोळेही भरून आले.

जोडून झाल्यावर मात्र दाब इतका झाला की मी दोरी ओढायला गेलो आणि दोरीनेच मला ओढलं. कंबर गेली ती तिथे. दुसऱ्यांदा ओढायची हिंमत होईना आणि रविवार तर उजाडलेला. शेवटी चेनसॉ जमिनीवर ठेवून, हँडलमध्ये पाय रोवून एकच हिसका दिला आणि तो गर्जत उठला. (हिसका हिने दिला. हे वाक्य वाचून सोडून दे. पण जिच्याशी पैज लागली आहे तिनेच येऊन दोरी ओढावी, अशी बायको सगळ्यांना मिळत नाही, एवढं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.) आवाज ऐकून शेजारच्या मास्तरांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या, आणि मग आम्ही काय कापतोय ते बघायला पुन्हा उघडल्या. मी कंबरेला हिचा कापडी पट्टा आवळून बांधला आणि खोडाला भिडलो. दादा, जोर करावाच लागला नाही. साखळी नुसती टेकवायची, ती आपली आपण खाली उतरायची. भुसा असा उडत होता की हिचे वडील खुर्चीसकट पांढरे झाले. ओंडके सगळे एका मापाचे, दुकानात चष्म्याच्या पेट्या लावतो तसे ओळीने रचले. शेवटचा ओंडका शेडजवळचा, तोही एका दमात पडला. मी यंत्र बंद केलं आणि हिच्याकडे पाहिलं. तिने वडिलांच्या देखत सांगितलं की शब्द म्हणजे शब्द, शेड तुमची, आता मी कधीच मागणार नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. भंगारवाला कुणी भेटला तर त्यालाही माझा नमस्कार सांग.

तुझा,
इंजिनवाला धाकटा

ता. क. तुझ्या गॅरेजातला मागचा कोपरा, जुने टायर पडलेले असतात तो, मोकळा आहे का? सहज विचारतो. एक टेबल, एक शिकंजा आणि थोडेसे डबे.

आणखी ता. क. तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो. शेडचे मागचे खांब वादळातच मोडले होते. मला वाटत होतं खोड शेडला टेकलंय, प्रत्यक्षात शेड खोडाला टेकली होती. शेवटचा ओंडका सुटल्यावर ती सावकाश खाली बसली. आत कुणी नव्हतं. 'शेड तुमची' असं ही म्हणाली ते त्यानंतर, आणि शब्दाला इतकी पक्की निघाली की पत्रे उचलायला हातसुद्धा लावला नाही. (भिंग लावून रिंगची फट बघणाऱ्याला खांब दिसू नये, असंही ती म्हणाली. ते मी इथे घेत नाही.) यंत्राला यात दोष देता येणार नाही. उलट ते इतक्या सफाईने कापतं की शेडला सावरायला वेळच मिळाला नाही.

शेवटचा ता. क. कोपऱ्याचं राहू दे. तू स्वतः एकदा ये. आपल्या घरात इंजिन म्हणजे दादा आणि काच म्हणजे धाकटा, हेच मी लहानपणापासून ऐकत आलो. एकदा येऊन तुझ्या हाताने दोरी ओढ आणि कान देऊन ऐक. चांगला वाटला तर हिच्यासमोर मोठ्याने तसं म्हण. फक्त चेनसॉ बंद केल्यावर म्हण, नाहीतर तिला ऐकू जाणार नाही. वाईट वाटला तर घरी जाऊन पत्राने कळव.